पाहुण्यांसाठी बंद ठेवलेले माग

टॉवेललाही जन्मदाखला लागतो, असं मी सांगितलं की लोक हसतात. माझ्या जावयानं लग्नाआधी मला विचारलं होतं, "आई, तुम्ही कारखान्यात नेमकं काय करता?" मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे टायपिंग." तेव्हा मी गप्प बसले, कारण सोयरीक व्हायची होती. आता सोयरीक होऊन नातवंडंही झाली, तेव्हा एकदाचं सांगून टाकते. टायपिंग नव्हे हो. दोन देशांमधला व्यवहार माझ्या टेबलावरून जायचा, आणि ते टेबल डगमगायचं म्हणून त्याच्या एका पायाखाली मी पुठ्ठा घातलेला होता.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रं केली. उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली म्हणा. तिथं शिकलेली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगण्यासारखी आहे. दोन देश आपसात करार करतात. तुमच्या मालावर आम्ही जकात कमी घेऊ, आमच्या मालावर तुम्ही कमी घ्या. दिल्लीत झेंड्यांपुढं हस्तांदोलन होतं, पेपरात फोटो येतो. फोटोला माझी ना नाही. पण मग प्रश्न उरतो की हा माल खरंच त्या देशात तयार झाला कशावरून? तिसऱ्याच कुणी आपल्या नावावर माल खपवला तर? म्हणून प्रत्येक खेपेबरोबर एक दाखला जातो, की हा टॉवेल इथं विणला, अमक्या जागी, अमक्या मागावर. तो दाखला मी तयार करायची. त्यासाठी जी माहिती द्यावी लागते, तिच्याखाली माझी सही असायची.

आमचा बराच माल दक्षिण कोरियाला जायचा. तिकडची एक पद्धत मला फार आवडली. मुलाचा पहिला वाढदिवस असो, दुकानाचं उद्घाटन असो, आजोबांची सत्तरी असो, आलेल्या पाहुण्याच्या हातात टॉवेल ठेवतात. त्यावर नाव आणि दिवस छापलेला असतो. ही छपाई तिकडंच व्हायची. आम्ही पांढरा टॉवेल पाठवायचो, दोन्ही टोकांना निळी पट्टी. मी हे मंगळवेढ्याकडं आईला सांगितलं. आमच्यात आहेराला टॉवेल-टोपी लागतेच. आई शेळीची धार काढत होती. म्हणाली, "मग ती आपल्यातलीच की. चांगली असत्याल माणसं."

चांगली होतीच, पण मोजून घेणारी होती.

आमचे मालक अण्णा. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घराण्यातले, स्वतःच्या हिमतीवर मोठे झालेले. रोज पांढरीशुभ्र इस्त्रीची सफारी, आणि आवाज असा की मागाच्या खडखडाटातही ऐकू यावा. मला 'बाई' म्हणायचे. मनानं उदार माणूस, पण उदारपणा कुठं थांबवावा हे त्यांना कधीच कळलं नाही. आमची एक खेप कोरियाच्या बंदरात अडकली. तिथल्या कस्टमवाल्यांनी पेट्या उघडून मोजल्या, तर कागदावर शंभर आणि पेटीत एकशे एक. प्रत्येक पेटीत.

मी कागद घेऊन अण्णांच्या केबिनमध्ये गेले.

"अण्णा, पेटीत एक नग जास्त कसा?"

"मीच घालायला सांगितला," अण्णा अभिमानानं म्हणाले. "शंभर हा बंद आकडा आहे बाई. आहेरात कधी शंभर देतात का? वर एक ठेवला की व्यवहार पुढं चालत राहतो."

"मला सांगायचं तरी."

"शकुनाची गोष्ट कागदावर कशाला?"

मी कपाळाला हात लावला. मग बसून उत्तर लिहिलं, की हा आमच्याकडचा रिवाज आहे, त्यात लबाडी नाही. त्यांचं उलट पत्र आलं, फार सभ्य भाषेत. मतलब असा होता की मालकांची भावना समजली, आभारी आहोत. पण कागदावर नसलेला टॉवेल पेटीत येऊ शकतो, तर कागदावर नसलेल्या जागी विणलेला टॉवेलही येऊ शकतो. तेव्हा आमचे दोन अधिकारी सोलापूरला येऊन माल कुठं तयार होतो ते प्रत्यक्ष पाहतील.

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कोरियाचा निम्मा माल आमच्या कारखान्यात विणला जायचाच नाही. तो पूर्व भागातल्या बोळात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विणला जायचा. आम्ही सूत द्यायचो, तिथले विणकर विणून द्यायचे. यात बेकायदा काही नव्हतं, आणि दाखल्याच्या माहितीत मी त्या जागा पत्त्यासकट लिहिलेल्या होत्या. यातली मोठी शेड नरसय्यामामांची. मामा साठीच्या पुढचे. त्यांच्या बायको लक्ष्मीबाई कांड्या भरायच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या छोट्या गुंडाळ्या, ज्या मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसतात. त्यांचा मुलगा हा धंदा नको म्हणून पुण्याला गेलेला. अधिकाऱ्यांनी 'माल इथं तयार होतो हे दिसलं नाही' असं लिहिलं की सवलत जाणार, टॉवेल तिकडं महाग पडणार, ऑर्डर दुसरीकडं जाणार. आणि मग अण्णा सगळ्यात आधी बाहेरचे माग बंद करणार. आतले माग कुणी आधी बंद करतं का? साठीच्या विणकराला त्यानंतर कोण विचारणार होतं? मी मनाशी ठरवलं की हे होऊ द्यायचं नाही.

मी तयारी केली ती कागदांची. अण्णांनी तयारी केली ती लग्नाची.

त्या सकाळी मी कारखान्याच्या फाटकात शिरले आणि जागीच थांबले. आवाज नव्हता. कारखान्यात आवाज नसणं म्हणजे काय, हे तिथं काम केलेल्यालाच कळेल. अंगणात मांडव, फाटकापासून रांगोळी, टेबलावर शालींची चळत, सोलापुरी चादरी, फेटे, शेंगाचटणीच्या पुड्या. आत शेड धुऊन पुसून लख्ख. मागांना तेलपाणी करून झेंडूच्या माळा घातलेल्या. आणि माणूस एक नाही.

"कामगार कुठंयत?"

"पगारी सुट्टी दिली," अण्णा हसत म्हणाले. "पाहुणे येणार, त्यांच्या कानात खडखड कशाला? कापसाचा भुरा उडतो, कपडे खराब होतात. दोन दिवस खपून साफ केलंय सगळं."

"अण्णा, ती माणसं माग चालताना बघायला येतायत. तुम्ही माग बंद करून ठेवले?"

अण्णांचं हसू जरा उतरलं. पण मागं हटतील तर ते अण्णा कसले. म्हणाले, "आपला कारखाना बघितल्यावर त्यांना शंका राहणारच नाही. तुम्ही चिंता करू नका."

मी जॉबरला फोन लावला, की निदान चार माणसं गोळा करून ये. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि कामगारांवर लक्ष ठेवणारा माणूस. तो कुटुंबाला घेऊन वैरागला सासुरवाडीला गेलेला. "सुट्टी हाय की बाई," एवढंच म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं?

एवढ्यात पाहुणे आले. हान मॅडम, पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, साध्या करड्या कोटातल्या. त्यांच्याबरोबर एक सहकारी, कॅमेरा घेतलेला. अण्णा शाल घेऊन पुढं झाले. हान मॅडमनी दोन्ही हात जोडले, कमरेतून वाकल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या की आमच्या कायद्यानं आम्हाला भेट घेता येत नाही. अण्णांना वाटलं, संकोच आहे. आपल्याकडं पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात. त्यांनी पुन्हा शाल पुढं केली. मॅडम पुन्हा वाकल्या. तिसऱ्या वेळी मी मध्ये पडले आणि शाल काढून घेतली, नाहीतर ते दिवसभर चाललं असतं.

मॅडम आत आल्या. एका मागापाशी थांबल्या, त्याच्या खालच्या दांडीवरून बोट फिरवलं आणि ते बोट बघितलं. स्वच्छ होतं. चालत्या मागावर ते होणंच शक्य नाही. कितीही पुसा, तासाभरात पांढरा थर बसतो. त्यांनी आपल्या सहकाऱ्याकडं पाहिलं. त्यानं माळ घातलेल्या मागाचा फोटो काढला.

"कामगार?" त्यांनी विचारलं.

"हॉलिडे," अण्णा म्हणाले. "फॉर यू."

"आणि कागदावर बाहेरच्या शेड आहेत, त्या?"

अण्णांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "दॅट ऑल्सो हॉलिडे."

हे मात्र साफ खोटं होतं. बोळातल्या मागांना कुणी सुट्टी दिलेली नव्हती. तिथं माग थांबला तर चूल थांबते. मी अण्णांना बाजूला घेतलं.

"नरसय्यामामांकडं नेऊ या त्यांना."

"बाई, डोकं फिरलंय का तुमचं? त्या पत्र्याच्या खुराड्यात? वर गळतंय, खाली गटार. परदेशातला पाहुणा. देशाची इज्जत जाईल."

"इथं बंद मागांसमोर उभं राहून इज्जत राहते का?"

"मी मालक आहे," अण्णा आवाज चढवून म्हणाले. "मेलो तरी तिथं नेणार नाही. ऑर्डर गेली तर गेली. बाहेरचं काम बंद करू, कारखान्यापुरतं ठेवू."

म्हणजे मी ज्याला घाबरत होते तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, आणि तेही पाणी मागितल्यासारखं सहज. मला संताप आला. एवढ्या वर्षांत मी अण्णांचा शब्द कधी मोडला नव्हता. पण दाखल्याखाली सही माझी होती, अण्णांची नव्हे. मी वळले आणि हान मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. माझं इंग्रजी सगळं पत्रातलं. बोलायची कधी वेळच आली नव्हती. तेव्हा तोंडातून जे आलं तेही पत्रच होतं.

"रिस्पेक्टेड मॅडम," मी म्हणाले, "काइंडली नोट, वन युनिट इज वर्किंग. काइंडली कम विथ मी."

मॅडमनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग अण्णांकडं. मग पर्स खांद्याला लावली.

गाडीत अण्णा पुढं बसले आणि वाटभर खिडकीतून बाहेर बघत राहिले. बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली. पुढं ती जात नाही. उतरल्याबरोबर आवाज कानांवर आदळला. मी आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नाही. दारादारांत बायका सुपात बिड्या वळत बसल्या होत्या. त्यांनी पाय आखडून आम्हाला वाट दिली. अण्णा सगळ्यात मागं, सफारी भिंतीला लागणार नाही अशा बेतानं चालत होते.

नरसय्यामामा बनियन-लुंगीत मागापाशी उभे होते. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, कोरियाची माणसं आलीत, आपला टॉवेल बघायला. मामांनी मान हलवली. शर्ट घालायलाही गेले नाहीत, कारण दोन माग एकाच वेळी बघत होते. मागावर पांढरा टॉवेल उतरत होता, टोकाला निळी पट्टी. हान मॅडमनी पर्समधून बंदरातून आणलेला नमुना काढला आणि मागावरच्या कापडाला लावला. काठ, पट्टी, वर उठलेल्या फासांची उंची, सगळं बोटांनी चाचपून पाहिलं. मग त्यांनी मला खूण केली, की एवढा तुकडा कापून द्या, मोहोरबंद करून न्यायचाय.

मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "आता न्हाय. नग पुरा होऊ द्या."

"मामा, सरकारी काम आहे."

"सरकारचं आसू दे, न्हायतर देवाचं. अर्धा नग मागावरनं कापत न्हायत आमी. बसा म्हणावं त्यांना."

मी घाबरत घाबरत मॅडमना हे सांगितलं. त्या थांबल्या. तेवढ्यात कापसाचा भुरा घशात जाऊन त्यांना जोराचा ठसका लागला. लक्ष्मीबाई कांड्यांवरून उठल्या, तांब्यातून पाणी घेऊन आल्या. मॅडम ते घटाघटा प्यायल्या. कारखान्यात टेबलभर मांडलेलं त्यांनी काही घेतलं नव्हतं, पण इथं इलाज नव्हता. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "मी लहान होते तेव्हा आमच्या गल्लीतही हाच आवाज होता. आता तिथं फ्लॅट आहेत." एवढंच. पुढं पुन्हा कामाला लागल्या.

नग पुरा झाला. मामांनी तो कापून दिला. मॅडमच्या सहकाऱ्यानं तो पिशवीत घालून बंद केला. मग मॅडम बाहेर ओट्यापाशी उभ्या असलेल्या अण्णांकडं गेल्या आणि विचारलं, ही जागा तुम्ही का लपवली?

अण्णांना इंग्रजी कळलं, पण उत्तर मराठीत आलं. "सांगा त्यांना बाई. मी याच बोळात जन्मलो. त्या समोरच्या खोलीत. आता तिथं दुसरे राहतात. पाहुणा आला की आई आम्हाला मागच्या दारानं बाहेर काढायची, कारण अंगात धड शर्ट नसायचा. मला नाही वाटत कुणाला हे दाखवावंसं."

अण्णांना इतक्या वर्षांत मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी माझ्या पत्रातल्या इंग्रजीत सांगितलं, जमेल तसं. मॅडमनी ऐकून घेतलं. त्यांचं उत्तर मी अजून विसरले नाही. "जागा चांगली आहे की नाही, हे लिहायला मी आलेली नाही. टॉवेल कुठं झाला, एवढंच मला लिहायचं आहे. ते मला तुमच्या कारखान्यात दिसलं नाही. इथं दिसलं."

त्यांनी पॅडवर चार ओळी लिहिल्या आणि अण्णांपुढं धरल्या. कंपनीच्या वतीनं सही हवी होती, की हा माल या जागी, आमच्यासाठी विणला जातो. अण्णा कागदाकडं बघत राहिले. बोळातल्या बायका बघत होत्या. त्यांच्यातल्या निम्म्या अण्णांना लहानपणापासून ओळखणाऱ्या. त्यांचा मोठा कारखाना, मोठी गाडी आणि सफारी सगळं ठाऊक असलेल्या. अण्णा ओट्यावर बसले. एका बाईनं बिड्यांचं सूप सरकवून त्यांना जागा करून दिली. ओट्यावरची धूळ सफारीला लागली, पण त्यांनी ती झटकली नाही. सही केली.

इथं वाचकाला सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. पुढं निकाल आमच्या बाजूनं लागला. सवलत राहिली, ऑर्डर राहिली, आणि मामांचे माग त्यांचे हात थकेपर्यंत चालले. आज त्या बोळात माग उरलेत थोडेच, आणि ते वाचवणं कुणाच्या सहीनं होण्यातलं नाही, याचं दुःख मला आहे. पण त्या वेळी आम्हाला निकालाची काही कल्पना नव्हती. त्या दिवशी अण्णांनी सही केलेला कागद मॅडमना परत दिला नाही. माझ्या हातात दिला.

"बाई, मराठीत वाचून दाखवा. मोठ्यानं. यांनाही कळू द्या आपण काय लिहून दिलंय."

मी उंबऱ्यात उभी राहून वाचलं. हा टॉवेल भारतात, सोलापुरात, या शेडमध्ये, नरसय्या यांनी विणला, हे आम्ही मान्य करतो. मागांच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. लक्ष्मीबाई जवळ आल्या, कान पुढं केला. मी पुन्हा ओरडून वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं.

"ह्यांचं नाव हाय. माझं कुटं हाय, अम्मा? कांड्या काय वाऱ्यानं भरत्यात?"

मामा मागावरून हसायला लागले. अण्णा म्हणाले, "अगं, विणणाऱ्याचं नाव लागतं त्यात."

"मग मी काय करतो हितं, भजन?" लक्ष्मीबाई मागं हटेनात.

मी हान मॅडमकडं वळले. "मॅडम, काइंडली नोट," मी म्हणाले, "वन नेम इज पेंडिंग."

मॅडमनी लक्ष्मीबाईंच्या केसांत अडकलेल्या कापसाकडं पाहिलं. मग कागद माझ्या हातातून घेतला, ओट्याच्या कडेला अण्णांशेजारी बसल्या, आणि मला नाव सावकाश सांगायला लावून ते मामांच्या नावापुढं लिहिलं. अण्णांनी नव्यानं सही केली. मी कागद परत घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.